मांजराच्या तोंडून सुटलेली कोंबडी

कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्याही घरी विचारा, हा प्रसंग एकदा तरी घडलेला असतो. संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली झाकायच्या राहून जातात. परसातून एकदम कलकलाट ऐकू येतो, कोणीतरी काठी घेऊन धावते आणि मांजर किंवा मुंगूस तोंडातली तलंग टाकून कुंपणापलीकडे पळते. तलंग उचलून पाहावी तर विशेष काही झालेले दिसत नाही. चार पिसे गेलेली, पाठीवर किंवा पंखाखाली दाभणाने टोचल्यासारखी दोन भोके, रक्त जेमतेम थेंबभर. तिला हळद लावून सोडून देतात. दुसऱ्या दिवशी ती चार दाणे टिपते, मग पिसे फुगवून कोपऱ्यात बसते आणि तिसऱ्या दिवशी मरते. घरातली जाणती बाई म्हणते, "धसका घेतला तिने."

धसका हे कारण अगदीच खोटे नाही. पकडल्या गेलेल्या पक्ष्याचे हृदय भीतीने बंद पडू शकते, पण ते बहुधा लगेच, तास-दोन तासांत. दाणे टिपलेली कोंबडी तिसऱ्या दिवशी मरते तेव्हा कारण बहुतेक वेळा त्या दोन भोकांमध्ये असते. ते कारण ओळखण्याचा इतिहास मोठा रंजक आहे आणि त्यातल्या अनेक महत्त्वाच्या प्रयोगांत कोंबडी स्वतःच हजर आहे. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात परसातल्या कोंबड्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरल्या. त्यांच्या अंड्यांचा पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हाती येतो. तेव्हा एका तलंगेचे मरण ही त्या घरापुरती लहान गोष्ट नव्हे.

थंड पाण्यात उभी केलेली कोंबडी

सुरुवात १८७८ सालापासून करू. त्या वेळी लुई पाश्चर गुरांच्या फाशी या रोगावर काम करीत होते. माणसांत हाच रोग काळपुळी म्हणून ओळखला जातो. गाय, मेंढी, ससा यांना या रोगाचे जंतू टोचले की ती मरतात, पण कोंबडीला काही होत नाही. असे का? पाश्चर यांनी विचार केला, की कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४२ अंश सेल्सिअस असते, आपल्यापेक्षा चांगले पाच अंशांनी जास्त. एवढ्या उष्णतेत हे जंतू नीट वाढत नसतील. मग त्यांनी एका कोंबडीला जंतू टोचले आणि तिचे पाय २५ अंशांच्या पाण्यात बुडवून तिला उभी केली. तिचे तापमान ३७-३८ अंशांवर उतरले आणि ती मेली. तिच्या रक्तात जंतूंची गर्दी झालेली होती. जंतू न टोचता नुसतीच पाण्यात ठेवलेली कोंबडी जगली. तिसऱ्या एका कोंबडीला जंतू टोचून पाण्यात ठेवले, ती मलूल झाल्यावर बाहेर काढले, कापसात गुंडाळून ऊबदार जागी ठेवले. ती बरी झाली.

मार्च १८७८ मध्ये पाश्चर प्रयोगातल्या कोंबड्या घेऊनच पॅरिसच्या वैद्यक अकादमीत गेले. अशा प्रकारे पुरावा मांडायची त्यांना हौस होती. या प्रयोगामागे एक वादही होता. आल्फोरच्या पशुवैद्यक शाळेतले प्राध्यापक कोलँ यांचे म्हणणे होते, की पक्ष्यांनाही हा रोग सहज देता येतो. पाश्चर म्हणाले, मग अशी एक मेलेली कोंबडी मला दाखवा. दिवस गेले, महिने गेले, कोंबडी काही येईना. अखेरीस कोलँ यांनी सांगितले, की आणलेल्या दोन कोंबड्यांना अनेकदा जंतू टोचले, त्यांना काही झाले नाही. पुढे कदाचित झालेही असते, पण पिंजरा नीट बंद न राहिल्याने एका खादाड कुत्र्याने दोन्ही फस्त केल्या! विज्ञानाच्या इतिहासात पुरावा कुत्र्याने खाल्ल्याची नोंद बहुधा एवढीच असावी.

कोंबडीला हा रोग न होण्याचे कारण नुसते तापमान नव्हे, थंडीने शरीराची जंतूंशी झगडण्याची ताकदही कमी होते, हे पुढच्या संशोधकांनी दाखवले. पण आपल्या तलंगेच्या दृष्टीने निष्कर्ष तोच राहतो. घाबरलेला, रक्त गेलेला, पिसे उपटलेला पक्षी भराभर गार पडतो. म्हणून सोडवलेल्या कोंबडीला आधी ऊब द्यावी. एक खोके, तळाशी गोणपाट किंवा जुने फडके, शेजारी कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, वरून अंधार. अंधारात कोंबडी शांत होते. खोक्यात तिला ऊन वाटले तर उठून दूर बसता येईल एवढी जागा ठेवावी. चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली तर ऊब जास्त झाली असे समजावे. बघ्यांची गर्दी मात्र पांगवावी. मुलांना हेच सर्वांत अवघड जाते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने पाच मिनिटे सलग दाबून धरावे, मधे मधे उचलून पाहू नये. दीड किलोच्या कोंबडीत सारे मिळून शंभर-सव्वाशे मिलिलिटर रक्त असते, म्हणजे चहाचा एक कप. त्यातले थोडेफार गेले तरी पक्षी ते सस्तन प्राण्यांपेक्षा बरे सोसतात. पाणी जवळ ठेवावे, चिमूटभर साखर घातलेले चालेल, पण चोच उघडून ओतू नये. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते आणि ओतलेले पाणी सरळ तिकडे जाऊ शकते.

कोंबड्यांची पटकी

आता त्या दोन भोकांकडे वळू. १८७८ च्या अखेरीस तुलूझच्या पशुवैद्यक शाळेतले तरुण प्राध्यापक आँरी तुसँ यांनी पाश्चर यांच्याकडे एक नमुना पाठवला. तो होता कोंबड्यांच्या पटकीचा. पटकी हे नुसते नाव. माणसाच्या पटकीशी त्याचा संबंध नाही. या रोगात कोंबड्या पिसे फुगवून, पंख पाडून गुंगीत बसतात, तुरा काळानिळा पडतो आणि एक-दोन दिवसांत कळपच्या कळप साफ होतो. इटलीतल्या तुरीनचे पेरोनचितो आणि हे तुसँ या दोघांनी त्याचा जंतू आधीच पाहिला होता. पाश्चर यांनी तो कोंबडीच्याच मांसाच्या उदासीन केलेल्या सुपात वाढवून दाखवला. त्या सुपाचा एक थेंब निरोगी कोंबडी मारायला पुरत असे.

पुढची कथा आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून अनेकदा ऐकलेली असते. १८७९ च्या उन्हाळ्यात सगळे सुटीवर गेले, जंतूंचे सूप तसेच राहिले, परत आल्यावर ते शिळे सूप टोचले तर कोंबड्या मेल्या नाहीत आणि मग ताजे सूप टोचले तरी त्याच कोंबड्या जगल्या. झाली लस तयार! कथा छान आहे, पण ती जशीच्या तशी सांगू नये असे मला वाटते. पाश्चर यांनी आपल्या प्रयोगवह्या कोणाला दाखवू नयेत असे घरच्यांना बजावले होते. त्या १९६४ मध्ये त्यांच्या नातवाने फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या आणि अभ्यासकांना १९७० च्या दशकात पाहायला मिळाल्या. इटालियन इतिहासकार आंतोनिओ कादेदू यांनी १९८० च्या दशकात त्या तपासल्या. सुटीनंतर एका सकाळी लस सापडली, अशी गोष्ट त्या रूपात वह्यांत नाही. दिसते ते असे, की पुढच्या हिवाळ्यापर्यंत अनेक महिने निरनिराळी सुपे, त्यांचे वय, त्यांचा आंबटपणा यांवर प्रयोग चालू होते आणि त्यात सहकारी एमिल रू यांचा हात मोठा होता. योगायोगाला जागा होती, पण ती त्या कामाच्या पोटात होती. वर्गात ही दुसरी हकिकत सांगितली तर मुलांना संशोधन म्हणजे काय ते अधिक खरेपणाने कळेल.

फेब्रुवारी १८८० मध्ये पाश्चर यांनी निष्कर्ष जाहीर केले, पण जंतू दुबळा कसा केला ते सांगितले नाही. त्यावरून अकादमीत वादळ उठले. ऑक्टोबरमध्ये ज्यूल गेराँ नावाचे ७९ वर्षांचे वैद्य पाश्चर यांच्या अंगावर धावून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी द्वंद्वयुद्धाचे आव्हानही पाठवले. प्रकरण मिटले. त्याच महिन्यात पाश्चर यांनी पद्धत उघड केली. जुने होत चाललेले सूप हवेतल्या प्राणवायूमुळे दुबळे होते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

तुसँ यांची आठवण मात्र फार थोड्यांना असते. त्यांनी १८८० मध्येच रसायनांचा वापर करून फाशीवर लस करण्याचा प्रयत्न केला होता. १८८१ मध्ये पाश्चर यांनी पुयी-ल-फोर येथे मेंढ्यांवर केलेल्या गाजलेल्या जाहीर प्रयोगातली लसही रसायन वापरूनच केलेली होती, हे वह्यांवरून उघड झाले. लोकांचा समज मात्र ती प्राणवायूच्या पद्धतीची आहे असा राहिला. तुसँ १८९० मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी वारले.

दुखण्यावाचून जंतू वागवणारे

या साऱ्या गाजावाजात एक निरीक्षण मागे पडले आणि आपल्या तलंगेसाठी नेमके तेच महत्त्वाचे आहे. पाश्चर यांनी हा जंतू गिनीपिगलाही टोचला. कोंबडी एका थेंबाने मरते, पण गिनीपिगला टोचल्या जागी नुसते एक गळू होते. तो खातो, पितो, हिंडतो. त्या गळूतला पू मात्र कोंबडीला किंवा सशाला टोचला तर ती मरतात. पाश्चर यांनी लिहून ठेवले, की अशा गिनीपिगच्या सहवासातल्या कोंबड्या मरू लागल्या तर पाहणाऱ्याला रोग आपोआप उपजला असेच वाटेल. एका प्राण्याच्या अंगावर सुखाने राहणारा जंतू दुसऱ्याचा काळ ठरू शकतो, ही कल्पना इथे स्पष्टपणे मांडली गेली.

१८८७ मध्ये इटलीच्या त्रेविझान यांनी या जंतूच्या गटाला पाश्चर यांच्या सन्मानार्थ 'पाश्चुरेला' असे नाव दिले. आज त्याचे पूर्ण नाव पाश्चुरेला मल्टोसिडा आहे. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'अनेकांना मारणारा'. गाई-म्हशींना पावसाळ्यात होणारा घटसर्प याच जंतूच्या काही प्रकारांमुळे होतो, त्याची लस आपल्याकडे पावसाळ्याआधी टोचतात. आणि हाच जंतू बहुतेक मांजरांच्या आणि बऱ्याच कुत्र्यांच्या तोंडात, हिरड्यांपाशी कायम मुक्कामाला असतो. मांजराला त्याचा काही त्रास नाही. मांजराच्या चाव्यातून माणसाला हा संसर्ग झाल्याची नोंद १९३० मध्ये झाली. तेव्हापासून मांजर चावल्यावर काही तासांतच हात सुजून लाल होतो तेव्हा डॉक्टरांच्या मनात पहिला संशय याचाच येतो. १९७४ मध्ये अमेरिकन संशोधकांनी प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवले, की रॅकून या प्राण्याच्या तोंडातला हा जंतू त्याच्या चाव्याच्या जखमेतून टर्की पक्ष्यांपर्यंत पोचतो.

म्हणजे पाश्चर ज्या जंतूचे सूप सुईने कोंबडीला टोचत होते, तोच जंतू मांजर आपल्या सुळ्याने टोचते. सुळाही सुईसारखाच. भोक बारीक, खोल, आणि सुळा बाहेर निघताच वरची कातडी मिटून जाते. पक्ष्याची कातडी पातळ आणि सैल असल्याने ते आणखीच झाकले जाते. 'धसक्या'चा तिसरा दिवस इथून येतो. अर्थात दरवेळी याच जंतूचा दोष असतो असे नाही. तोंडात, नखांत, मातीत इतरही अनेक असतात. आणखी एक अडचण पक्ष्याच्या बाजूची. त्याच्या पांढऱ्या पेशी आपल्यापेक्षा वेगळ्या असल्याने पू पातळ होऊन वाहत नाही, पनीरासारखा घट्ट गोळा होतो. गळू फुटून मोकळे होईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नसतो.

अशा जंतूचे जिवाणूयुद्धही एकदा घाटत होते, हे सांगायचा मोह आवरत नाही. १८८७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स सरकारने सशांचा उपद्रव थांबवणाऱ्याला २५ हजार पौंडांचे बक्षीस लावले. पाश्चर यांनी हा जंतू सुचवला, फ्रान्समध्ये एका मळ्यात ससे मारूनही दाखवले आणि १८८८ मध्ये आपला भाचा आद्रियाँ ल्वार याला सिडनीला धाडले. तिथल्या समितीने परवानगी नाकारली. हा जंतू पक्ष्यांनाही मारील ही भीती त्यामागे होती. समितीचे शहाणपण मानले पाहिजे.

धुण्याचा इतिहास

जखमेत जंतू आहेत तर ते मारावेत, हा विचार साहजिक आहे. पाश्चर यांचे लेखन वाचून ग्लासगोचे शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी तेच केले. १२ ऑगस्ट १८६५ रोजी गाडीचे चाक पायावरून गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी लावली. हाड मोडून बाहेर आलेली अशी जखम म्हणजे तेव्हा पाय कापणे किंवा मरण. मुलगा सहा आठवड्यांत बरा झाला. १८६७ मध्ये लिस्टर यांचे लेख प्रसिद्ध झाले आणि जग जंतुनाशकांच्या मागे लागले. आपल्याकडे जखमेवर फिनेल, डेटॉल किंवा स्पिरिट न पाण्याचे ओतण्याची जी सवय आहे ती या लाटेचाच शेवटचा फेस आहे.

लाट उलटली पहिल्या महायुद्धात. फ्रान्समधल्या बूलोन्य गावी एका जुगारगृहाचे इस्पितळ केले होते. तिथे ॲल्मरोथ राइट आणि त्यांचे सहायक अलेक्झांडर फ्लेमिंग सैनिकांच्या सडलेल्या जखमा पाहत होते. भरपूर जंतुनाशके वापरूनही जखमा सडत होत्या. फ्लेमिंग यांनी एक सुंदर साधा प्रयोग केला. काचेची परीक्षानळी तापवून तिला खाली काट्यांसारखी पोकळ टोके काढली. ही झाली कृत्रिम जखम. तीत जंतू मिसळलेला रक्तद्रव भरून ओतून टाकला, मग जंतुनाशक भरून रात्रभर ठेवले, तेही ओतून टाकले आणि निर्जंतुक रक्तद्रव भरला. काही वेळाने पाहिले तर नळी पुन्हा जंतूंनी भरलेली! काट्यांच्या टोकात राहिलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचलेच नव्हते. शिवाय कार्बोलिक आम्लासारखी औषधे जंतूंच्या आधी पांढऱ्या पेशींना मारतात, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे चोर राहिले बाजूला, पहारेकरीच गारद. राइट यांचा भर होता मिठाच्या पाण्याने जखम धुण्यावर. फ्रान्समध्येच अलेक्सी कारेल आणि हेन्री डेकिन यांनी अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण नळ्यांनी जखमेत पुन्हा पुन्हा सोडण्याची पद्धत बसवली, तिलाही यश आले. तिथेही सारखे धुण्याचा वाटा मोठा होता.

काचेचे काटे काढणे शाळेत जमणार नाही, पण एक बटाटा पुरेल. दाभण शाईत बुडवून बटाट्यात खोल टोचा आणि शेजारी सुरीच्या टोकाने एक उथळ ओरखडा काढून त्यातही शाई भरा. दोन्ही नळाखाली धुवा. मग आडवे कापून पाहा. ओरखड्यातली शाई बरीचशी गेलेली दिसेल, दाभणाच्या भोकातली खाली तशीच राहील. मुलांना विचारा, आता वरून औषध चोपडले तर ते कुठवर जाईल?

तेव्हा कोंबडीची जखम धुवायची ती अशी. पाणी उकळून कोमट करावे, लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे साधारण दीड सपाट चमचे. भोकाभोवतीची पिसे कात्रीने कापावीत. उपटू नयेत, कातडी फाटते. सुई काढलेल्या स्वच्छ सिरिंजने हे पाणी हलक्या जोराने भोकात पुन्हा पुन्हा सोडावे. मग पोव्हिडोन आयोडीन चहाच्या फिक्या रंगाइतके पातळ करून लावावे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान होते, पण तो कोवळ्या पेशीही जाळतो. भोक शिवू नये, मलम ठासून बंद करू नये. पिसे फुगवलेली पूर्ण उलटसुलट तपासावीत, कारण दिसलेल्या भोकाच्या विरुद्ध बाजूला दुसऱ्या सुळ्याचे भोक असणारच. पावसाळ्यात माशी अंडी घालते, म्हणून जखम दिवसातून दोनदा पाहावी आणि पक्षी घरात ठेवावा.

आणि शक्य तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पाश्चुरेलावर पेनिसिलिनच्या कुळातली औषधे सहसा चांगली चालतात. ती पहिल्या दिवशी मिळाली तर उपयोग, तिसऱ्या दिवशी फारसा नाही. दुकानदाराने दिलेली पुडी अंदाजाने पाण्यात कालवणे मात्र टाळावे. असा वापर बेसुमार वाढल्यामुळेच २०१९ मध्ये केंद्र सरकारला कोलिस्टिन हे औषध खाद्य प्राण्यांसाठी बंद करावे लागले. औषध चालू असताना आणि नंतर वैद्य सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नयेत.

हाडातून श्वास

धुण्याच्या बाबतीत एक मोठा अपवाद आहे. त्यामागे अठराव्या शतकातले लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर आहेत. (फ्लेमिंग यांनी आपले वरचे काम १९१९ मध्ये ज्या व्याख्यानात मांडले ते याच हंटर यांच्या नावाने चालते.) हंटर यांना कोंबड्यांवर प्रयोग करण्याचा नाद होता, कोंबड्याच्या पायाची आरी कापून त्यांनी त्याच्याच तुऱ्यावर रुजवून दाखवली होती. १७७४ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे पक्ष्यांच्या शरीरातल्या हवेच्या जागांविषयी निबंध ठेवला. एका कोंबडीच्या पंखाचे वरचे हाड त्यांनी कापले आणि श्वासनलिका बांधून टाकली. पक्षी त्या कापलेल्या हाडातून श्वास घेऊ लागला! आजच्या मनाला हा प्रयोग क्रूर वाटतो आणि तो तसा होताही. पण त्याने सिद्ध केले, की पक्ष्याचे फुप्फुस, त्याला जोडलेल्या हवेच्या पिशव्या आणि काही पोकळ हाडे ही सलग व्यवस्था आहे.

म्हणून पंखाचे वरचे हाड मोडून जखम उघडी असेल, किंवा पाठीच्या अथवा पोटाच्या भोकातून श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील, तर तिथे सिरिंजने पाणी सोडू नये. ते थेट श्वसनसंस्थेत जाऊन कोंबडी बुडून मरेल, खोक्यात बसल्या बसल्या. तिथे ओल्या फडक्याने नुसते बाहेरून पुसावे आणि स्वच्छ कापड ठेवावे. कधी कधी चाव्यानंतर कातडीखाली हवा भरून कोंबडी फुग्यासारखी दिसते, तेही पिशवी फाटल्याचे लक्षण. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते, छाती पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो. तपासताना छातीला घट्ट आवळून धरले तर निव्वळ आपल्या काळजीनेच तो गुदमरतो.

हळदीचे काय?

हा प्रश्न येणारच. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून काढण्याचे पेटंट मिळाले, तेव्हा आपल्याकडे मोठा क्षोभ झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय शोधनिबंध यांसह ३२ पुरावे दाखल केले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. या निकालाचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. हे ज्ञान नवे नाही, एवढेच त्यात ठरले. हळद प्रत्येक जखम बरी करते असे काही पेटंट कार्यालयाने म्हटलेले नाही. प्रयोगशाळेत हळदीतल्या कुर्कुमिनचे गुण दिसतात. पण डब्यातली हळदपूड निर्जंतुक नसते, आणि भोकाच्या तोंडावर तिचा लेप सुकला की आतले जंतू कोंडले जातात. उथळ ओरखड्यावर, धुतल्यानंतर लावली तर बिघडत नाही. सुळ्याच्या भोकाला ती बूच बसवते. चुना, राख आणि रॉकेल यांविषयी मात्र काही चांगले बोलता येत नाही.

सोडवणाऱ्या माणसाकडेही पाहायला हवे. झटापटीत मांजर, कुत्रा किंवा मुंगूस चावले, नखे लागली, तर आधी स्वतःची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जावे. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या मुलाला ही लस पहिल्यांदा टोचली गेली, तीही पाश्चर यांच्याच प्रयोगशाळेत तयार झालेली. आणि कोंबडी दगावलीच तर ती शिजवू नये, खोल पुरावी. चावा नसलेल्या कोंबड्याही पाठोपाठ मरू लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

कळपात परत

जखमी कोंबडी लगेच इतरांत सोडली तर जे काम मांजराचे अपुरे राहिले ते तिच्या मैत्रिणी पुरे करतात. लाल जखम दिसली की कोंबड्या तिथेच टोचत राहतात. अमेरिकेत तर १९०३ मध्ये एकाने कोंबड्यांना घालायच्या चष्म्याचे पेटंट घेतले होते, एकमेकींचे डोळे फोडू नयेत म्हणून. या वागण्यामागची व्यवस्था ओळखली नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी. लहानपणापासून ते कोंबड्या न्याहाळून वहीत टिपणे ठेवीत. कोण कोणाला टोचते आणि कोण निमूट टोचून घेते याची कळपात ठरलेली उतरंड असते, हे त्यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन भाषेतल्या निबंधात मांडले. एका शाळकरी मुलाच्या वहीतून प्राणिवर्तनाच्या शास्त्रातली एक पायाभूत कल्पना आली.

पंधरा दिवस खोक्यात राहिलेली कोंबडी या उतरंडीतली आपली जागा गमावून बसते. म्हणून जखमेवर खपली धरून पिसांची खुंटे दिसू लागल्यावर तिला आधी दोन-तीन दिवस जाळीच्या आड, इतरांना दिसेल अशी ठेवावी. मग एखादी गरीब स्वभावाची कोंबडी तिच्या सोबतीला द्यावी, आणि शेवटी रात्री, सगळ्या झोपलेल्या असताना, दोघींना खुराड्यात ठेवावे. सकाळी थोडी टोचाटोची होईल. रक्त निघत नाही तोवर मधे पडू नये. दाणे मात्र त्या दिवशी दोन ठिकाणी टाकावेत.